कुठला स्कोअर म्हणताय?

निकालांचे आणि क्रिकेटचे दिवस एकत्र आले की माझ्या टपालात ‘स्कोअर’ हा शब्द वाढतो. या खेपेला पत्रं वेगवेगळ्या गावांची, तक्रारी वेगवेगळ्या, आणि शब्द तेवढा एकच. म्हणून बाकीचे शब्द पुढच्या महिन्यावर ढकलले आणि ही पानं सगळी त्यालाच दिली. नव्या वाचकांसाठी सांगते, मी इंग्रजीची बाई नव्हे. नोकरी सगळी वृत्तपत्राच्या डेस्कवर, इंग्रजी तारांचं मराठी करण्यात गेली. त्यामुळे शब्दाकडे बघायची माझी रीत ‘पान सोडायची वेळ झाली, याला आता मराठीत काय लिहू?’ एवढीच आहे.

*

‘मुलीचं जेईई मेनचं स्कोअरकार्ड आलं. एनटीए स्कोअर ९१ आणि पुढे बरेच दशांश. शेजारीपाजारी पेढे वाटून झाले. आता तीच म्हणते, बाबा, मला तीनशेपैकी शंभरसुद्धा पडले नसतील. मग हे ९१ कशाचे?’
— एक पालक, जळगाव

पेढे परत मागू नका. पण वाटताना ‘९१ टक्के’ म्हणाला असाल तर तेवढं दुरुस्त करा. जेईई मेन म्हणजे इंजिनिअरिंगची प्रवेशपरीक्षा, आणि एनटीए ती घेणारी राष्ट्रीय संस्था. तिचा एनटीए स्कोअर म्हणजे गुण नव्हेत, तो पर्सेंटाइल असतो. तुमच्या लेकीनं ज्या शिफ्टमध्ये पेपर दिला, त्या शिफ्टमधल्या दर शंभर मुलांपैकी साधारण ९१ जणांना तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी गुण पडले, असा त्याचा अर्थ. तिनं किती गणितं बरोबर सोडवली ते या आकड्यावरून कळत नाही. ते गुण निराळे, ३०० पैकी. उत्तरसूचीशी ताडून ती सांगत असेल तर पोरगी खरं तेच सांगते आहे.

हा खटाटोप अशासाठी की परीक्षा बरेच दिवस, वेगवेगळ्या शिफ्टमध्ये चालते आणि दर शिफ्टला पेपर वेगळा. सकाळचा अवघड निघाला आणि दुपारचा सोपा, तर दोन्हीकडचे नुसते गुण शेजारी ठेवून कोण पुढे ते कसं ठरवणार? म्हणून आधी ज्याला त्याला आपापल्या शिफ्टमधल्या मुलांत उभं करतात आणि मग सगळ्या शिफ्ट एकत्र करतात. दशांशचिन्हापुढे सात आकडे दिसतात ते दोघांचा स्कोअर सारखा येऊ नये म्हणून. एमएचटी-सीईटीचा निकालही पर्सेंटाइलमध्येच लागतो. आणखी एक आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पुढचं पत्र त्याचंच येईल. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणिताचे तीन स्कोअर वेगळे छापलेले असतात. त्यांची बेरीज करून तिनानं भागलं तर एकूण स्कोअर येत नाही. तो एकूण गुणांवरून स्वतंत्र काढतात. त्यावरून एनटीएला ईमेल पाठवू नका.

*

‘आमच्या डेस्कवर अपघाताच्या बातमीत “स्कोअर्स इंज्युअर्ड” अशी ओळ आली. एका सहकाऱ्यानं शब्दकोश बघून “वीस जखमी” केलं, दुसऱ्यानं “शेकडो जखमी”. मुख्य उपसंपादकांनी दोन्ही खोडून “अनेक” लिहिलं. बरोबर कोण? आणि क्रिकेटमधल्या स्कोअरचा विसाशी संबंध काय?’
— उपसंपादक, लातूर

या प्रश्नाला जरा जास्त जागा देते, कारण तो माझ्या घरचा आहे.

आधी बातमीचं. मुख्य उपसंपादकांचं बरोबर, पण हात आखडून लिहिलेलं. स्कोअर एकेरी आणि मोजून लिहिलेला असेल तर वीस. त्याचं अनेकवचन झालं की मोजणी सुटते आणि ‘पुष्कळ, पण शंभराच्या पटीत नव्हे’ असा अंदाज तेवढा उरतो. वृत्तसंस्थेचा बातमीदार हा शब्द वापरतो तेव्हा बहुधा त्याच्या हातात आकडा आलेलाच नसतो. इस्पितळातून यादी यायची असते, पोलीस बोलत नसतात. बातमीच्या पुढच्या तुकड्यात आकडा येतो आणि ‘स्कोअर्स’ निघून जातो. तोवर तुम्ही ‘वीस’ छापलं तर आकडा खोटा आणि ‘शेकडो’ छापलं तर घबराट. मी ‘कित्येक’ लिहायची. ‘अनेक’ म्हणजे तिघंही असू शकतात, कित्येक म्हटल्यावर गर्दी दिसते.

आता गंमत अशी की ‘स्कोअर्स’ला मराठीत अगदी नेमका जोडीदार आहे. धनगर मेंढ्या कशात मोजतात? खंडीत. एक खंडी म्हणजे वीस मेंढ्या. बारा खंड्या मेंढरं म्हटली की दोनशे चाळीस. धान्याच्या मापात वीस मण म्हणजे एक खंडी. आणि ‘खंडीभर कामं पडलीत’ असं आपण म्हणतो तेव्हा वीस कामं मोजलेली असतात का? विसाचा आकडा विरघळतो आणि रास तेवढी राहते, इंग्रजीत झालं तेच. ही खंडी साहेबानं आपल्याकडून उचलली आणि तिची ‘कँडी’ केली. कापसाच्या बाजारात रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, भाव आजही खंडीवर बोलतात, एक खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो. खानदेशातल्या जिनिंगवाल्याला विचारा, तो न अडखळता सांगेल. (म्हणून बातमीत ‘खंडीभर जखमी’ लिहू नका. नोकरी जाईल.)

वीसच का, तर बोटं. हातापायांची बोटं मोजून झाली की एक घर भरलं. आपल्याकडच्या जुन्या बायका ‘तीन विसा’ म्हणजे साठ मोजत, ‘चार विसा आणि पाच’ म्हणत. फ्रेंच लोक ऐंशीला आजही चार-विसा म्हणतात. पॅरिसमध्ये अंधांसाठी तेराव्या शतकात नवव्या लुईनं काढलेलं एक इस्पितळ आहे, त्याचं नाव ‘कँझ-व्हँ’, म्हणजे पंधरा विसा. तीनशे अंधांची सोय होती म्हणून. अब्राहम लिंकननं १८६३ च्या नोव्हेंबरात गेटिसबर्गला केलेलं भाषण ‘चार स्कोअर आणि सात वर्षांपूर्वी’ असं सुरू होतं. म्हणजे ८७ वर्षं, १८६३ तून वजा केलीत की १७७६, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं साल. लिंकनच्या काळीही हे मोजणं जुनं वाटे. मुद्दाम बायबलच्या घाटात बोलला तो. इंग्रजी बायबलात माणसाचं आयुष्य ‘तीन स्कोअर आणि दहा’, म्हणजे सत्तर वर्षं, असंच मोजलेलं आहे.

पण शब्दाचा मूळ अर्थ वीस नव्हे. मूळ अर्थ खाच. जुन्या नॉर्स भाषेतला ‘स्कोर’ व्हायकिंगांबरोबर इंग्लंडच्या किनाऱ्याला लागला, त्याचा अर्थ कापून केलेली खूण. मेंढपाळ मोजत जायचा, विसावी मेंढी गेली की काठीवर एक खाच पाडायचा आणि पुन्हा एकापासून सुरू, अशी त्याची संगती लावतात. म्हणजे खाच हीच वीस झाली. भाषाशास्त्राच्या हिशेबानं ज्या कापण्याच्या धातूपासून इंग्रजीतला ‘शॉर्ट’, ‘शर्ट’ आणि हा ‘स्कोअर’ आला, त्याच गोतातला संस्कृतमधला ‘कर्तन’ आणि ‘कर्तरी’. कर्तरीची आपल्या शिवणाच्या डब्यात कात्री झाली. म्हणजे धावफलक आणि कात्री लांबची भावंडं लागतात.

काठीवरच्या खाचा म्हणजे रानातला कारभार समजू नका. इंग्लंडच्या राजाचा खजिना कित्येक शतकं त्यावर चालला. बाराव्या शतकात खजिन्याच्याच एका अधिकाऱ्यानं, रिचर्ड फिट्झनील त्याचं नाव, खाचांची मापं लिहून ठेवली आहेत: हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला टपोऱ्या सातूच्या दाण्याएवढी. पेनीला लाकूड काढायचंच नाही, नुसता चरा ओढायचा. मग ती काठी उभी चिरायची. खाचा दोन्ही भागांवर सारख्या येतात. एक भाग देणाऱ्याकडे, दुसरा घेणाऱ्याकडे. हिशेबाच्या दिवशी दोन्ही जुळवून बघायचे. कुणी आपल्या भागावर एक खाच वाढवली तर दुसऱ्या भागावर ती नसणार, लबाडी तिथेच उघडी. आपल्याकडे दुधाच्या रतिबाच्या रेघा भिंतीवर ओढायचे, त्यात ही सोय नव्हती. गवळी म्हणे एकतीस, आजी म्हणे एकोणतीस, आणि भिंत आजीच्या घरची. चिरलेल्या काठीच्या मोठ्या भागाला ‘स्टॉक’ म्हणत, तो पैसे देणाऱ्याकडे राही. आजच्या स्टॉक मार्केटातला स्टॉक तिथूनच निघाला असं धरतात.

हे १८२६ पर्यंत चाललं. त्यानंतर वेस्टमिन्स्टरमध्ये काठ्यांची रास नुसती पडून होती. १६ ऑक्टोबर १८३४ ला ती जाळायचं ठरलं. लॉर्ड्सच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत दिवसभर काठ्या कोंबल्या, धुराडी तापली आणि संध्याकाळी पार्लमेंटच पेटलं. हिशेबाच्या वह्या रद्दीत घालण्याआधी सरकारी कचेऱ्यांत इतकी टाळाटाळ का करतात, त्याचं हेच कारण असावं असं मी आमच्या मुख्य उपसंपादकांना एकदा म्हटलं होतं. ते हसले नाहीत.

क्रिकेट इथेच येतं. अठराव्या शतकातल्या इंग्लंडात सामन्याचा हिशेबनीस मैदानाकडेला काठी आणि चाकू घेऊन बसे, दर धावेला एक खाच. धावेलाच ‘नॉच’ म्हणजे खाच म्हणत. वही-पेन्सिल आली तरी काम करणारा ‘स्कोअरर’च राहिला. क्रिकेटच्या नियमांत तिसरा नियम त्याच्यासाठी आहे. पंचानं चौकाराची खूण केली की स्कोअररनं ती मिळाल्याची खूण परत करायची आणि तोवर पंचानं पुढचा चेंडू पडू द्यायचा नाही. मराठीत आपण ‘धावसंख्या’ आणि ‘धावफलक’ केले. रेडिओवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकलेल्या पिढीच्या तोंडी ते सहज बसले. तरी लोकलमध्ये अनोळखी माणसाला कुणी ‘धावसंख्या किती?’ विचारत नाही. ‘स्कोअर काय झाला?’ एवढंच. तुमच्या पानावरही तिथे स्कोअरच राहू द्या.

*

‘एका इंग्रजी कादंबरीत नायक म्हणतो, “मला त्याच्याशी एक जुना स्कोअर सेटल करायचाय.” दोघं कुठलाही खेळ खेळलेले नाहीत.’
— वाचक, नाशिक

खेळ नाही, उधारी. दारूच्या गुत्त्यात गिऱ्हाइकाच्या नावानं खडूनं रेघा ओढत, ते ‘स्कोअर’. तो चुकता करायचा म्हणजे बाकी फेडायची. पुढे बाकी वैराची झाली. मराठीत ‘हिशेब चुकता करणं’ हे धमकीच्या सुरात म्हटलं की नेमकं तेच होतं. शब्द बदलायचाच असेल तर ‘उट्टं काढणं’. ‘ऑन दॅट स्कोअर’ आला तर ‘त्या बाबतीत’. ‘ही नोज द स्कोअर’ म्हणजे त्याला आतली गोम ठाऊक आहे.

*

‘आईची हाडांची तपासणी केली. रिपोर्टात टी-स्कोअर उणे २.७. आई म्हणते, आयुष्यात पहिल्यांदाच मायनस मार्क मिळाले. हसण्यावारी नेली, पण समजलं काहीच नाही. उणे स्कोअर असतो कसा?’
— वाचक, डोंबिवली

आईंना सांगा, हा पेपर त्यांनी दिलाच नाही, तपासणाऱ्यानं परस्पर काढला. टी-स्कोअरमध्ये शून्य म्हणजे भोपळा नव्हे. निरोगी तरुण माणसाच्या हाडांची सरासरी घनता जिथे असते, तिथे शून्य मांडलेला असतो. त्याहून घनता जास्त तर अधिक, कमी तर उणे. वय झाल्यावर उणे येणं यात नवल नाही. किती उणे, हे बघायचं. उणे १ पर्यंत ठीक धरतात. उणे १ च्या खाली गेलं पण उणे २.५ पर्यंत पोचलं नाही, तर हाडं विरळ व्हायला लागली. उणे २.५ किंवा त्याहून खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ. ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ मध्ये आखली. आईंचा आकडा या रेघेच्या पलीकडे आहे, तेव्हा हसून झालं असेल तर डॉक्टरांची वेळ घ्या. रिपोर्टात कंबरेचे मणके आणि खुब्याचं हाड यांचे आकडे वेगळे असतील, दोन्ही दाखवा. शेजारी ‘झेड-स्कोअर’ असतो, तो आईंच्याच वयाच्या बायकांशी केलेली तुलना. तो बरा दिसतो म्हणून त्यावर विसंबू नका. पडू नये याची काळजी आत्तापासून. बाथरूममध्ये पकडायला दांडा, पायाखाली सरकणारी पायपुसणी नकोत. पुढचं डॉक्टर सांगतील, मी डेस्कवरची बाई.

दवाखान्यातले स्कोअर सगळे असेच, प्रत्येकाची पट्टी वेगळी. बाळ जन्मल्यावर एका मिनिटानं आणि पाच मिनिटांनी ‘अपगार स्कोअर’ काढतात. न्यूयॉर्कच्या भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अपगार यांनी तो १९५२ मध्ये बसवला. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंतली ताकद, हुळहुळवल्यावर होणारी हालचाल आणि कातडीचा रंग, पाचांना प्रत्येकी शून्य, एक किंवा दोन. बेरीज दहापैकी. पहिल्या मिनिटाला पुरे दहा क्वचितच पडतात, कारण चांगल्या धडधाकट बाळाचेही हातपाय तेव्हा निळसर असतात. एका आजोबांनी मागे मला लिहिलं होतं की नातवाला नऊच का, एक गुण कुठे कापला? पायाच्या तळव्यांवर कापला असणार. कर्ज देताना बँक बघते तो सिबिल स्कोअर ३०० पासून सुरू होतो आणि ९०० ला संपतो, तिथे शून्य मिळवायचं म्हटलं तरी मिळत नाही. गोल्फमध्ये ज्याचा स्कोअर कमी तो जिंकतो. इतक्या ठिकाणी ‘गुण’ लिहून कसं भागेल?

*

‘राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत गाण्यांचं संगीत वेगळं आणि “बॅकग्राउंड स्कोअर” वेगळा. पार्श्वसंगीताला स्कोअर का म्हणतात? मी व्हायोलिन शिकतो. आमचे सर त्यांच्यापुढच्या कागदालाही स्कोअर म्हणतात.’
— विद्यार्थी, कोल्हापूर

तुमच्या सरांचा कागद आधीचा, सिनेमा नंतरचा. तुमच्या स्टँडवर जो कागद असतो तो ‘पार्ट’, एकट्या व्हायोलिनचा. सरांपुढे सगळी वाद्यं एकाखाली एक, प्रत्येकाची पाच रेघांची पट्टी वेगळी. त्या पट्ट्या बरोबर वाजायच्या हे कळावं म्हणून वरपासून खालपर्यंत उभी रेघ मारत. ती रेघ, तो चरा, म्हणजे स्कोअर. त्यावरून अख्ख्या कागदाला आणि कागदावरून संगीतालाच ते नाव पडलं. पडद्यावर धावणाऱ्या चित्राखाली वाजायचं संगीत असं कागदावर बांधून घ्यावं लागे, म्हणून तो फिल्म स्कोअर.

आपल्याकडे हा कागद लिहिणारे बरेचसे गोव्याचे. पोर्तुगीज अमलात तिथल्या चर्चच्या शाळांत पोरांना सूरलेखन आणि व्हायोलिन शिकवत. तिथून मुंबईला आलेल्यांच्या हाती हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद गेले. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांचे वाद्यमेळ बांधले. अँथनी गोन्साल्विस हे तर लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालचे गुरू. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा आणि पन्नास-साठ वाजवणाऱ्यांपुढे कोणी काय वाजवायचं ते हे लोक लिहून काढायचे. श्रेयनामावलीत त्यांना जागा मिळाली तर ‘सहायक’ म्हणून. तुम्हाला स्कोअर वाचता येत असेल तर जुन्या गाण्यात मुखडा आणि अंतऱ्याच्या मधले व्हायोलिनचे तुकडे ऐका, दोन-तीन ओळी एकमेकींच्या अंगाखालून चाललेल्या असतात. त्या ओळी कुणीतरी बसून कागदावर मांडलेल्या आहेत.

*

‘परदेशी बाईंच्या व्हिडिओत “स्कोअर द फिश” म्हणतात. माशाला मार्क द्यायचे का?’
— वाचक, मालवण

तुम्ही मालवणचे, म्हणजे थट्टाच करताय. चिरा पाडायच्या. मूळ अर्थ तो हाच, नॉर्सवाल्यांचा. छापखान्यात जाड पुठ्ठा दुमडण्याआधी त्यावर सरळ दाब किंवा अर्धा काप देतात, तेही स्कोअरिंगच. लग्नपत्रिकेची घडी त्यावाचून फाटकी दिसते. बाईंच्या सॅमनचं मला माहीत नाही. बांगडा अख्खा तळायचा असेल तर दोन्ही अंगांना तिरप्या तीन-तीन चिरा, मधल्या काट्याला सुरी लागेपर्यंत. पोटाकडे मात्र वर वर, नाहीतर तव्यावर उलटताना मोडतो. मीठ-हळद आणि आगळ (कोकमाचा रस) आधी चिरांत बोटानं भरा, तिखट नंतर वरून. रव्यात घोळवताना चिरा बुजवू नका.